धरायचं कुठे

पार्ल्यात बंद पडलेल्या मोटारीला धक्का मारायला माणसं कधी कमी पडत नाहीत. हनुमान रोडवर एखादी गाडी आचके देत थांबली, की इस्त्रीवाला बोचकं खाली ठेवून येतो, भाजीची पिशवी कठड्याला अडकवून एखादे पेन्शनर येतात, क्लासला निघालेली दोन पोरं दप्तरासकट येतात. धक्का मारायला ताकद आणि मत एवढंच लागतं, आणि दुसऱ्या गोष्टीचा पार्ल्यात तुटवडा कधीच नव्हता. "सेकंडला टाका, सेकंडला!" असं ओरडणारा तर गाडीला बोटही न लावता शेजारून चालत असतो. पण तीच मोटार दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायची म्हटली, की हे सगळे दोन पावलं मागे सरकतात. ढकललेल्या गाडीची जबाबदारी कुणाचीच नसते. चढवलेल्या गाडीला काही झालं, तर ज्याने दोर बांधला त्याचं नाव लागतं.

आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंची इमारत पुनर्विकासाला निघाली, तेव्हा हा प्रश्न आमच्या पुढ्यात आला. विमानतळ उशाशी असल्यामुळे पार्ल्यातल्या कित्येक इमारती फनेलच्या उंचीमर्यादेत अडकून वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. काकूंच्या इमारतीचंही तेच झालं होतं. मग एकदाचं जमलं, आणि जमलं म्हटल्यावर सगळंच घाईवर आलं. घरं रिकामी करायची तारीख ठरली. त्या प्लॉटवर पूर्वी बंगला होता, आणि बंगल्याचं गॅरेज इमारत बांधताना कोपऱ्यात तसंच ठेवलं होतं. त्या गॅरेजात ताडपत्रीखाली काकांची एमजी होती.

टीडी मॉडेल, 1951 सालची, लाल. म्हणजे मूळची लाल. एमजीने टीडी 1950 ते 1953 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनवली. एकूण साडेएकोणतीस हजारांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. दोन माणसं बसतील एवढी जागा, 1250 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर आणि पाठीला टांगलेली स्टेपनी. पावणेचार मीटरांहूनही आखूड, रुंदीला दीड मीटर. आजच्या एसयूव्हीच्या शेजारी उभी केली तर तिचं बॉनेट जेमतेम एसयूव्हीच्या हेडलाइटपर्यंत पोचेल. सोसायटीतल्या एका पोराने ताडपत्री वर करून पुढचा अष्टकोनी बिल्ला पाहिला आणि विचारलं, "ही हेक्टरची जुनी व्हर्जन आहे का?" त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. एमजी हे नाव आता शांघायच्या कंपनीकडे आहे आणि हेक्टर गुजरातेत हलोलला बनते, जनरल मोटर्सने सोडलेल्या कारखान्यात. हिंदुस्थानात मोटारी जुळवायला सुरुवात केली तीही याच जनरल मोटर्सने, 1928 साली, आपल्या शिवडीत. पण हे त्या पोराला सांगत बसलो असतो तर ताडपत्री तशीच हातात धरून तो उभा राहिला असता, आणि मला ती काढायची होती.

अशा गाड्या इथे राहिल्या त्या नाइलाजाने. पन्नासच्या दशकात सरकारने ठरवलं, की ज्यांना इथे गाडी खरोखर बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती खोकी उघडून जुळणी करणाऱ्यांनी जावं. 1954 मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला, फोर्डनेही गाशा गुंडाळला. आयात जवळजवळ थांबली. त्यानंतर ज्याला हौशीची गाडी हवी त्याने आधीच आलेल्यांपैकी एखादी मिळवायची, नाहीतर वकिलातीतल्या साहेबाची बदली होऊन त्याची गाडी लिलावात निघायची वाट बघायची. काकांनी ही साठच्या दशकात कुलाब्याच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतली. काका गिरणीत इंजिनियर. पगार बेताचा, पण हातात कसब. पार्ल्याच्या एकूण स्वभावात हे बसत नव्हतं. इथे नाटकाचं वेड चालतं, गाण्याचं चालतं, गिर्यारोहणाचं चालतं. दोन सीटच्या मोटारीचं वेड म्हणजे उधळपट्टी. लोक म्हणायचे, "मुलं कुठे बसवणार?" काकू म्हणायच्या, "मुलं बसमध्ये."

काका गेले, आणि गाडी होती तिथेच राहिली. काकूंचा भाचा पुण्यात आहे, भोसरीला त्याचं छोटं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, मी नेतो, मी करतो. प्रश्न फक्त पार्ल्याहून भोसरीचा.

चालवत नेण्याचा विषयच नव्हता. मुंबईच्या दमट हवेत उभ्या गाडीचं काय होतं, हे गाडी धूळ खाते म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं. ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. क्लचची प्लेट गंजाने फ्लायव्हीलला धरून बसते. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि तळाशी वार्निशसारखा चिकट थर उरतो. एकाच जागी वजन पेलून टायर खालून चपटे होतात. आणि या गाडीत तर एक खास भर होती: वाळवी. टीडीचा पत्रा ज्या सांगाड्यावर ठोकलेला असतो तो सांगाडा लाकडाचा, ॲश नावाच्या इंग्रजी झाडाचा. खाली पोलादी चासी, तिच्यावर लाकडी चौकट, चौकटीवर पत्रा. पेस्ट कंट्रोलवाल्याला मोटारीवर औषध मारायचं म्हटल्यावर तो आधी हसला, मग दाराच्या खांबात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिल्यावर गंभीर झाला.

कागदांचंही तसंच. नोंदणीचं नूतनीकरण कधीच राहून गेलेलं. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं. मात्र एकदा ती मोहोर बसली की गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच काढायची. मला हा नियम वाईट वाटत नाही, पण त्यात एक गंमत आहे. गाडी रस्त्यावर का आली याचं कारण तिच्याजवळ असावं लागतं. अंधेरीला मावशीकडे सहज चक्कर, हे कारण नाही.

म्हणजे वाहूनच न्यायची. आता जुन्या मोटारींच्या शौकीन मंडळींत या गोष्टीवरून दोन तट आहेत. हॉर्निमन सर्कलला व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबची रॅली सुटते, तेव्हा काही गाड्या मालक स्वतः चालवत आणतात, काही ट्रकवरून उतरतात, आणि पहिल्या गटाचे लोक दुसऱ्या गटाकडे थोडं मान वाकडी करून बघतात. त्यांचं म्हणणं, चालत नाही ती मोटार कसली. मला हे म्हणणं फार सोपं वाटतं. चालवताना गाडी स्वतःचं वजन स्वतः सांभाळते. वाहून नेताना ते आपल्याला सांभाळावं लागतं, आणि त्यासाठी ती कुठे भक्कम आहे नि कुठे नाही हे नेमकं ठाऊक असावं लागतं. वर्षानुवर्षं रुबाबात गाडी हाकणाऱ्या कित्येकांना ते ठाऊक नसतं.

माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायोला असतो. त्याच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे, एमजीसारखीच दोन सीटची चिमुकली. तिच्या चासीचं मूळ ट्रायम्फ हेराल्डचं, आणि हेराल्ड म्हणजे आपल्याकडे 1961 पासून मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड. त्यामुळे आपल्या इकडच्या जुन्या माणसाला ती पाहून ओळखीचं काहीतरी वाटतं. मावसभाऊ ती स्वतःच्या पिकअपमागे ट्रेलर जोडून शेकडो मैल नेतो. आपल्याकडे घरच्या गाडीमागे असा ट्रेलर जोडायची पद्धत नाही, त्यामुळे फोनवर त्याने मला जे ऐकवलं त्यातलं बरंच मी नुसतं हौसेने ऐकलं. ट्रेलरवर गाडी कुठे उभी करायची यावर सगळं ठरतं. वजनाचा साधारण साठ टक्के भाग ट्रेलरच्या आसाच्या पुढे हवा, म्हणजे जोडावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार येतो. भार मागे गेला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. हळूहळू तो पिकअपलाच हलवतो, आणि तेव्हा घाबरून ब्रेक दाबला की संपलं. इंजिन पुढे असतं, म्हणून गाडी नाक पुढे करून चढवायची, आणि वीतभर पुढे-मागे करून नेमकी जागा शोधायची. "एक वीत," तो म्हणाला, "एवढ्यावर माझी झोप अवलंबून असते."

आमच्या वाट्याला ट्रेलर नव्हता, फ्लॅटबेड होती, हायड्रॉलिकने हौदा तिरका होऊन मागे टेकणारी. ड्रायव्हर जुन्नरकडचा. भाद्रपदाच्या आधी मंडळांचे गणपती आणतो, बाकी वर्षभर बंद पडलेल्या मोटारी. मूर्ती न्यायला अवघड की मोटार, असं विचारलं तर म्हणाला, मूर्ती. मोटार मोडली तर मालक एकटा ओरडतो.

त्याची गाडी गल्लीत शिरेना. दोन्ही बाजूंना पार्क केलेल्या गाड्या आणि कोपऱ्यावर दुसऱ्या इमारतीच्या बांधकामाचा सिमेंट मिक्सर. म्हणजे एमजी मुख्य रस्त्यापर्यंत ढकलत आणणं आलं, आणि त्यासाठी आधी चाकं फिरायला हवीत. ड्रायव्हरने जॅक लावून एकेक चाक उचललं, ब्रेकचे ॲडजस्टर सैल केले, आणि लाकडी हातोड्याने ड्रमवर चारी बाजूंनी हलके ठोके देत राहिला. मागचं डावं चाक सगळ्यांत हट्टी. बऱ्याच वेळाने आतून कडक आवाज आला आणि चाक सुटलं. टायरात हवा भरली, तीही जेमतेम उभी राहण्यापुरती.

एव्हाना माणसं जमली होतीच. पेन्शनर मंडळी मागच्या स्टेपनीवर हात टेकून सज्ज. ड्रायव्हर ओरडला, "ओ काका, तिथं नाय! टाकी हाय तिथं, अन् वरचा पत्रा मऊ हाय. टायरला हात लावा." टायरच्या माथ्याला हात लावून चाक फिरवलं तर निम्म्या जोरात काम होतं, कारण चाकाचा वरचा काठ गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. हे पुस्तकी गणित मला येत होतं. त्याला ते तळहाताने येत होतं. स्टिअरिंगवर कोण बसणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा काकू गॅरेजच्या दाराशी होत्या. "मी बसते," त्या म्हणाल्या. "ती डावीकडे ओढते. तुम्हाला नाही कळायचं." ऐंशीच्या पुढच्या बाई, सून नको म्हणाली, ड्रायव्हर नको म्हणाला. काकू दार उघडून आत बसल्या. टीडीची दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली, त्यामुळे साडी सावरून बसायला ती सोयीची, हे त्यांनी बसल्याबसल्या सुनेला सांगितलं. गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही ती गाडी चाकं वळवत वळवत आणली, काकूंनी दोन्ही बाजूंच्या पार्क केलेल्या गाड्यांना न घासता तिला मधून काढली, आणि शेजारून चालणारे एक आजोबा सवयीने म्हणाले, "सेकंडला टाका." फ्लॅटबेडपाशी आल्यावर मात्र काकूंनी कुणी न सांगताच गाडी सोडली. चढावावरचं काम आपलं नाही, हे त्यांना समजलं होतं.

चढवण्यात घाई करायची नसते. गाडी ठेंगणी, तिचा सायलेन्सर जमिनीपासून वीतभर. उतारावर पुढची चाकं चढून सपाटीवर येतात तेव्हा गाडीचं पोट मधल्या कडेवर टेकतं, आणि विंच तशीच ओढत राहिली तर सायलेन्सरच सुटून येतो. म्हणून ड्रायव्हरने हौद्याच्या टोकाखाली फळ्या टाकून उतार लांबवला. कोन जेवढा कमी, तेवढं पोट सुरक्षित. मग दोर. मला वाटलं होतं, पुढचा तो भक्कम क्रोमचा बंपर कशासाठी असतो. त्याने माझ्या नजरेचा रोख पाहिला असावा. "बंपरला बांधलं की बंपर येतो हातात, गाडी ऱ्हाते खाली," म्हणाला, आणि चटई टाकून गाडीखाली शिरला. पुढे चासीच्या आडव्या दांड्याला विंचचा आकडा, मागे आसाच्या नळीला पट्टे, तेही ब्रेकची बारीक तांब्याची पाइप चुकवून. पट्टे एकमेकांना तिरके, फुली घालून, म्हणजे गाडी डावी-उजवीकडे सरकत नाही. चाकांपुढे-मागे लाकडी गुटके. हँडब्रेक सोडलेला, कारण ओढून ठेवला तर भोसरीपर्यंत शू पुन्हा चिकटणार.

त्या गाडीवर डोळ्यांना दिसतील अशा सगळ्या गोष्टी, म्हणजे चकचकीत रेडिएटर, दोन मोठे दिवे, लांब वळणदार मडगार्ड, बंपर, यांतल्या एकीलाही त्याने पट्टा लावला नाही. जे भक्कम होतं ते सगळं खाली, काळं, ग्रीसने माखलेलं.

आमच्या आजीला शेवटच्या आजारात तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं, ते मला तिथे उभं असताना आठवलं. लिफ्ट नव्हती, जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. मग खुर्चीत बसवून आणायचं ठरलं आणि आम्ही नातवांनी खुर्चीचे हात धरले. वॉर्डबॉयने आमचे हात बाजूला केले. खुर्चीचे हात नुसते ठोकलेले असतात, जोर पडला की निसटतात, धरायचं ते बसायच्या चौकटीला, खालून. तो मागे, एक जण पुढे. आजी सबंध जिना उतरेपर्यंत काही बोलली नाही, खाली आल्यावर पदर नीट करून म्हणाली, "हे शिकलेलं दिसतंय." आम्ही सगळे पदवीधर होतो.

रात्री निघालो. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, वाशीचा पूल, मग एक्स्प्रेसवे. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि आरशातून मागे बघत होतो, तेव्हा त्याने सांगितलं, बघून काय होत नाय, पट्टा सैल झालाय ते दिसत नसतं, ऐकू येतं. पनवेलच्या पुढे त्याने गाडी बाजूला घेतली. सुरुवातीला गाडी स्प्रिंगांवर खाली-वर होऊन दबते आणि घट्ट बांधलेला पट्टा ढिला पडतो, म्हणून पहिल्या टप्प्यानंतर थांबून तो पुन्हा आवळायचाच असतो. रॅचेटचे दोन-तीन टक-टक आवाज झाले. घाटाच्या आधी तो पुन्हा थांबला, कारण चढावर सगळा भार मागे येतो.

बोरघाटाला वाहनं वाहून नेण्याची सवय जुनी आहे. 1825 साली कलकत्त्याचा बिशप हेबर या वाटेने गेला, तेव्हा लोक चालत किंवा घोड्यावरून घाट चढायचे आणि माल बैलांच्या पाठीवर असायचा. गव्हर्नर माल्कमने नोव्हेंबर 1830 मध्ये इथला गाडीरस्ता खुला केला आणि स्वतः बग्ग्यांचा ताफा घेऊन घाट उतरला. कोकण आणि देश यांच्यातली भिंत पाडली, असं त्याला वाटलं. पण साहेबांच्या खासगी बग्ग्या त्या काळात घाटात मजुरांच्या जथ्थ्याने ढकलत न्यायचे, नाहीतर बांबूंना टांगून खांद्यावरून. साहेब पालखीत किंवा तट्टावर, आणि चाकं असलेली बग्गी माणसांच्या खांद्यावर. त्या मजुरांपैकी एकाचंही नाव कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही. बग्गीला बांबू कुठून घालायचा, कमानीखालून की आसाखालून, हे त्यांच्यातल्या कुणीतरी पहिल्यांदा ठरवलं असणार, आणि चुकलं असतं तर साहेबाची बग्गी दरीत गेली असती. 1830 मध्येच बांधलेला अमृतांजन पूल 2020 च्या टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना पाडला. आता तिथून जाताना वर बघायची सवय तेवढी राहिली आहे. ड्रायव्हरलाही आहे. त्यानेही मान वर केली.

भोसरीला पहाटे पोचलो. भाच्याने शटर उघडलं, गाडी उतरवली, आणि चहा यायच्या आधीच टॉर्च घेऊन दाराच्या खांबांशी गुडघ्यावर बसला. बोटाने दाबलं की लाकडाचा भुगा पडत होता. दोन्ही खांब गेले, मागची आडवी पट्टी गेली, फळीचा एक कोपरा शाबूत. ॲश इथे मिळत नाही, इंग्लंडहून तयार सांगाडा मागवला तर जहाजाचं भाडं धरून परवडत नाही, म्हणून त्याने सागवानाचा हिशेब मांडला होता. सागाला वाळवी सहसा लागत नाही, हे खरं. मी म्हटलं, सागवान चालेल, पण ॲश निवडतात ते लवचीक असतं म्हणून, खड्ड्यात सांधे तुटत नाहीत त्याचे.

ड्रायव्हर पट्टे गुंडाळत होता. "बाभूळ लावा की," तो म्हणाला. "बैलगाडीचं चाक बाभळीचं. दणका सोसतं."

भाच्याने टॉर्च विझवली. बाभळीला वाकण देता येईल का, सांधे कसे करायचे, सुकवायला किती महिने, असं तो विचारत गेला आणि ड्रायव्हर उत्तरं देत गेला, अर्धी ठाम, अर्धी ऐकीव. मध्येच काकूंचा फोन आला. गाडी नीट पोचली का हे विचारायच्या आधी त्यांनी ड्रायव्हरला खायला काय दिलंत हे विचारलं. पोहे होत होते. ड्रायव्हरच्या गावाकडे एक सुतार आहेत, पूर्वी बैलगाड्या करायचे, आता दारं-खिडक्या करतात. त्यांचा नंबर त्याने भाच्याला दिला, आणि वर बजावलं, "मोटारीचं काम हाय असं फोनवर सांगू नका. नाय म्हणतील. जाऊन दाखवा."

भाचा म्हणाला, मोडका खांब सोबत नेतो, मापाला. ड्रायव्हर म्हणाला, दोन्ही न्या, डावा-उजवा उलटा असतो.